थोरली, धाकटी आणि आपण दोघं

गजू,

काल तुझ्या तेराव्याला मी दोनदा वाढून घेतलं. तुमच्याकडे त्याला तेरवी म्हणतात, हे मला कालच वहिनींच्या भावाकडून कळलं. वांग्याची भाजी होती, तुझ्या पद्धतीची, नाकातून पाणी काढणारी. मी ती खाल्ली, परत मागितली आणि मग ताटाकडे बघत बसलो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तिखट लागली का?" मी हो म्हणालो. पुण्याच्या माणसाला तिखट लागलं म्हटलं की अकोल्याकडचे लोक लगेच विश्वास ठेवतात, ते बरं असतं.

तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलत होते. गेलेल्या माणसाबद्दल बोलतातच. सर किती प्रेमळ, सर किती साधे. मी कोपऱ्यात उभा राहून मनात म्हणत होतो, साधा? अहो, या साध्या माणसानं सहा वर्षं एका मुद्द्यावरून माझं डोकं खाल्लंय. पण तो मुद्दा तिथं कोणाला सांगणार? थोरली आणि धाकटी ही नावं घेतली असती तर लोकांना वाटलं असतं, तुझ्या घरातल्या कुणा बायकांबद्दल बोलतोय. त्या दोघींना ओळखणारी माणसं दोनच होती. आता मी एकटा आहे.

तू वाचत असतास तर इथंच म्हणाला असतास, "आता सगळ्यांले समजावून सांग, पुणेकर." सांगतो.

कसबा पेठेतली आपली ती पहिल्या मजल्यावरची खोली आठव. समोर तांबट आळी, खाली घंटा-समया विकणारं दुकान. वर आपले दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि गाद्या लावलेलं एक कपाट, ज्याला आपण स्टुडिओ म्हणायचो. त्या वर्षांत पुण्यात जो उठेल तो कॉम्प्युटरचं काहीतरी काढत होता. आपण मल्टिमीडिया काढलं. ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं, आपण केबल टीव्हीची कामं घेतो. माझ्या मामांनी तर शेवटपर्यंत तसंच मानलं आणि दर दिवाळीला त्यांचं एक चॅनेल दिसत नाही म्हणून तक्रार केली.

आपण सीडी बनवायचो. पडद्यावर चित्रं हलणार, आवाज येणार, बटण दाबलं की पुढचं पान उघडणार. त्यासाठी दोन सॉफ्टवेअर लागायची. एक भारदस्त. सगळा कारभार तिच्याकडे: पानं, बटणं, आवाज, कोणी कुठं बोट लावलं ते बघणं. दुसरी चपळ. चित्रं हलवावीत तर तिनंच. दोघी वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, प्रत्येकीची स्क्रिप्ट, म्हणजे हुकमाच्या ओळी, लिहायची भाषा वेगळी, आणि नांदायचं एकाच सीडीत. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालास, "ह्या तं जावा आहेत बे. एका चुलीवर सैपाक, पण बोलणं बंद." तेव्हापासून भारदस्त ती थोरली झाली आणि चपळ ती धाकटी.

थोरली माझ्याकडे होती, धाकटी तुझ्याकडे. आणि आपलं खरं काम होतं या दोघींमध्ये निरोप नेण्याचं. थोरलीनं स्क्रिप्टमधून एक ओळ पाठवायची: "कांदा हलव." धाकटीनं ती उचलायची, कांदा हलवायचा, आणि उलट एक ओळ फेकायची: "आता आवाज लाव." मग थोरलीनं आवाज लावायचा. सांगायला एवढंसं. पण एकीची ओळ दुसरीच्या कानावर पोचवायला आपल्याला चार महिने लागले होते. कुठल्याही पुस्तकात ते धड दिलेलं नव्हतं. ज्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या धाकटीच्या सांगण्यावरून माझी थोरली बोलली, त्या दिवशी तू खाली जाऊन दुकानातली एक घंटा वाजवून आलास. दुकानदार म्हणाले, "घ्यायची नसेल तर हात लावू नका." तू पुन्हा वाजवलीस.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं होतं, निरोप पाठवला की पोच आली पाहिजे. थोरलीनं सांगितलं "कांदा हलव", तर धाकटीनं आधी "ऐकलं" म्हणायचं, मग पुढं. कारण तेव्हाची मशिनं मठ्ठ होती. धाकटी एखादं चित्र उघडण्यात गुंतलेली असली की निरोप हवेत विरायचा. दहातून एकदा व्हायचं, पण व्हायचं. तुझं म्हणणं, नको. "सांगतलं की सुटलो. तिले करायचं तं करन. पोचलं का, पोचलं का विचारत बसलं तं काम कधी होईन?" पोच मागितली की सगळं क्षणभर अडखळायचं हे खरं होतं, आणि तुझ्या हलत्या चित्रांना ते अडखळणं खपत नव्हतं. तू चित्रकार होतास. मी कारकुनाचा मुलगा, मला प्रत्येक कागदावर शिक्का हवा.

आता वाटतं, तू माणूसच तसा होतास. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा तू अठरा दिवस डबा आणलास. एकदाही फोन करून "आणू का" म्हणाला नाहीस, आणि "मिळाला का" असंही विचारलं नाहीस. डबा कॉटखाली ठेवायचास, वडिलांच्या पायांवरून हात फिरवायचास आणि निघायचास. वडील म्हणाले होते, "तो विदर्भातला मुलगा आभार मानायला वेळच देत नाही रे." मी तुला त्याबद्दल कधी काही बोललो नाही. आपल्यात असं बोलायची रीत नव्हती. म्हणजे तुझ्यात होती, माझ्यात नव्हती.

मग मार्केट यार्डाचं काम आलं.

तिथल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलं होतं की बाहेरगावाहून माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी एक बोलणारी पेटी ठेवायची. पडद्यावर भाज्यांची चित्रं. ज्याला वाचता येत नाही त्यानं कांद्याला बोट लावायचं, की कांदा उड्या मारत आपल्या गाळ्याकडे जाणार आणि बाईचा आवाज सांगणार, कुठं वळायचं, माल कसा निवडून लावायचा. कल्पना तुझी होती. तूच एका सकाळी तिथं जाऊन, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला चार लोकांनी चार दिशा दाखवताना बघून आला होतास. ते काम जमलं असतं तर तशा पेट्या आणखी दहा गावच्या बाजारांत लागणार होत्या. तू आत्तापासून गावांची नावं काढत होतास, सगळी अकोल्याच्या आसपासची.

आवाज सुनीतावहिनींचा. तुमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तांबटांचे हातोडे दुपारी जेवणासाठी थांबत, तेवढाच तासभर रेकॉर्डिंगला मिळायचा. सगळी आळी जेवायला बसली की वहिनी गाद्यांच्या कपाटात उभ्या राहायच्या आणि "हा कांदा, कांद्यासाठी डावीकडे वळा" म्हणायच्या. ठोके पुन्हा सुरू झाले की बाहेर येऊन म्हणायच्या, "तुमच्या कांद्यापायी माझं जेवण रोज शिळं होऊन राहिलं." सबंध बाजार आपण असा जेवणाच्या सुट्टीत बोलून घेतला, कोथिंबिरीपासून रताळ्यापर्यंत.

पोचेचा वाद तेव्हा टिपेला होता. शेवटी एका दुपारी मी हात टेकले. म्हणालो, "ठीक आहे. तुझ्या पद्धतीनं. पोच नाही लावत." तू खूश होऊन मंडईत गेलास, वांगी घ्यायला. परत येऊन म्हणालास, "तुमच्या पुण्यात वांगं बी शिष्टच. चिरलं तरी काही बोलत नाही." मी हसलो होतो.

तू मंडईत होतास तेव्हा मी काय करत होतो, ते आता सांगायचं आहे.

मी माझ्या थोरलीत पोच लावत होतो. तुला दिलेला शब्द तोंडातून निघून तासही झाला नव्हता. थोरली निरोप पाठवेल आणि धाकटीकडून "ऐकलं" आल्याशिवाय पुढं सरकणार नाही, अशा ओळी मी घातल्या. पण धाकटीनं "ऐकलं" म्हणायला हवं तर तुझ्या फाइलमध्येही एक ओळ हवी. तुझ्या फाइलची एक प्रत माझ्या मशीनवर असायची. त्या प्रतीत मी ती ओळ घातली. चालवून बघितलं. कांदा, बटाटा, वांगं, सगळं बिनचूक. दहातून दहा वेळा. मला इतका आनंद झाला, गजू. मी ठरवलं, व्यापाऱ्यांसमोर सगळं सुरळीत झालं की तुला सांगायचं, बघ, पोच लावली होती, तुला कळलं तरी का? तुझा चेहरा बघायचा होता मला. त्यात वाईट हेतू नव्हता. मला फक्त जिंकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या मशीनवर हिरव्या मिरचीचं देठ दुरुस्त केलंस. एका बाजूनं ते तुला जाड वाटत होतं. आणि नेहमीप्रमाणे तुझी ताजी फाइल मला दिलीस, "ही घे, फायनल." मी ती घेतली आणि सीडी लिहायला लावली. टेबलाला धक्का लागू नये म्हणून आपण दोघं श्वास रोखून उभे होतो, दर वेळी राहायचो तसे. माझ्या डोक्यात एवढंसुद्धा आलं नाही की ती "ऐकलं" म्हणणारी ओळ फक्त माझ्या प्रतीत होती, आणि त्या प्रतीवर आत्ता तुझी मिरचीवाली फाइल बसून ती ओळ पुसली गेली होती. आयुष्यभर दुसऱ्याकडे पोच मागणारा माणूस मी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मार्केट यार्डातल्या त्या वरच्या हॉलमध्ये वीसएक माणसं होती. खालून हमालांचे आवाज येत होते. सगळे ज्यांना शेठजी म्हणत ते पुढं आले, धोतराला बोट पुसून त्यांनी कांद्याला हात लावला.

कांदा जागचा हलला नाही.

त्यांनी पुन्हा बोट लावलं. मग बटाट्याला लावलं. थोरली "ऐकलं"ची वाट बघत होती आणि धाकटीला कुणी सांगितलंच नव्हतं की असं काही म्हणायचं असतं. शेठजींनी कोथिंबिरीलाही बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "अहो, बोलणारा कांदा म्हणाला होतात ना आपण? कांद्याचं नुसतं चित्रच बघायचं असेल तर खाली ढीग पडलाय." लोक हसले. मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच.

मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालंय ते. आणि मी तोंड उघडायच्या आत तू पुढं झालास. अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत, जी तू परक्यांसाठी राखून ठेवायचास, म्हणालास, "माझ्याच फाइलमध्ये काही चुकलं असेल. आज सकाळी मी बदल केला होता. यांचं काम बरोबर आहे." माझ्याकडे हात करून म्हणालास, यांचं. मी मूग गिळून उभा राहिलो.

त्यानंतर ते काम गेलं. शेठजींचंही काही चुकलं नाही, न बोलणारी पेटी कोण ठेवून घेईल? पण खरं वाईट ते नाही. खरं वाईट ते पुढचे आठ दिवस. आठ दिवस तू खुर्चीत बसून तुझी फाइल ओळ-ओळ तपासत होतास. मिरचीचं देठ काढलंस, पुन्हा घातलंस. जेवणाच्या सुट्टीत हातोडे थांबले की तेवढी शांतता व्हायची, आणि त्या शांततेत तू पुटपुटायचास, "काऊन बे? काऊन नाही चाललं?" मी तुझ्याकडे पाठ करून बसलेलो. दुसऱ्याच दिवशी मी थोरलीतल्या माझ्या ओळी काढून टाकल्या होत्या. आठव्या दिवशी तू सगळं नव्यानं जोडून चालवलंस आणि कांदा टुणकन उडाला. "आता चालून राहिलं! काऊन चालून राहिलं?" तू माझ्याकडे वळून बघितलंस. मी म्हणालो, "मशीनचं काही सांगता येत नाही." तू जरा वेळ बघतच राहिलास. मग म्हणालास, "हाव. मशीनचं काही खरं नसते."

पुढच्या सहा महिन्यांत खोली सोडली. भांडण झालं नाही, तेच विचित्र होतं. ज्यांनी सहा वर्षं एका ओळीवरून रोज आवाज चढवला, ते एक शब्द न वाढवता वेगळे झाले. कॉम्प्युटर एकेक वाटून घेतला. मी एका मोठ्या कंपनीत लागलो, तू क्लासमध्ये शिकवायला लागलास. लोकांनी सरळ अर्थ काढला, मी हुशार म्हणून पुढं गेलो, तुला प्रत्यक्ष काम झेपलं नाही म्हणून शिकवतोस. माझ्या आईनंसुद्धा एकदा तसं बोलून दाखवलं. मी तिलाही काही म्हणालो नाही.

आणि तू फोन करत राहिलास. महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी सकाळी. वहिनी बऱ्या आहेत, पोरीला दात आले, गावाकडे या वर्षी तूर चांगली आहे, वडिलांची तब्येत कशी. सगळं बोलून झालं की तू विचारायचास, "आणखी काय?" मी म्हणायचो, "बाकी काही नाही." तू जरा थांबायचास आणि पुन्हा, "आणखी काय?" मी म्हणायचो, "बाकी ठीक." पुन्हा थांबायचास. मग "बरं, ठेवतो." मला कंटाळा यायचा त्याचा. बायकोला म्हणायचो, "या विदर्भातल्या लोकांना फोन ठेवताच येत नाही. आमच्यात काम झालं की ठेवतात." ती म्हणायची, "तुमच्यात काम नसलं की फोनच करत नाहीत." तेही खरंच होतं. खोली सोडल्यापासूनच्या अकरा वर्षांत मी तुला आपणहून किती फोन केले असतील? एका हाताची बोटं पुरतील.

तुझ्या आजारपणात शेवटचं भेटायला आलो तेव्हा तू पलंगावर उशीला टेकून बसला होतास. वाळला होतास, पण जीभ तशीच. मला म्हणालास, "तुमच्या कंपनीत चार हजार लोकं आहेत म्हणे. त्यातलं कोणी भांडते का तुह्याशी?" मी म्हणालो, "आमच्याकडे भांडण ईमेलवर होतं, आणि कॉपी साहेबाला जाते." तू खूप हसलास आणि मग खोकलास. खरं सांगू का, तुझ्यानंतर माझ्याशी तसं कोणी भांडलंच नाही. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतो, कानात काहीतरी घालतो, संध्याकाळी उतरतो. दिवसभर माझ्या प्रत्येक कामाची पोच मिळते. पोचलं, मिळालं, धन्यवाद. आणि घरी आल्यावर आठवत नाही की आज कोणाशी बोललो.

त्या दिवशी मी निघालो तेव्हाही तू विचारलंस, "आणखी काय?" मी दारात हेल्मेट हातात घेऊन उभा होतो. ओठांवर आलं होतं, शपथेवर सांगतो. पण वाटलं, आजारी माणसाला आता काय ते जुनं. बरा झाला की सांगू. म्हणालो, "बाकी काही नाही. तू आराम कर." तू मान हलवलीस आणि डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, झोप आली.

आता कालचं सांगतो. पंगत उठल्यावर जिन्यात एक तिशीतली मुलगी माझ्याजवळ आली. प्राजक्ता नाव सांगितलं. तुझी विद्यार्थिनी, आता हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत आहे. म्हणाली, "सर, तुम्ही कसबा पेठेतले का? जावावाले?"

गजू, जावा, एका परक्या मुलीच्या तोंडून! तोपर्यंत मला वाटत होतं की ती नावं जगात मला एकट्यालाच माहीत आहेत.

ती म्हणाली, "सर प्रत्येक बॅचच्या शेवटच्या दिवशी ती स्टोरी सांगायचे. दोन मित्र असतात. एक जण दुसऱ्याला न सांगता पोच लावतो, आणि त्याची ओळ दुसऱ्याच्या फाइलमध्ये नसते, म्हणून डेमोला सगळं हँग होतं. मग सर विचारायचे, चूक कोणाची? आम्ही सगळे ओरडायचो, पहिल्याची! ऑब्व्हियस आहे ना. सर म्हणायचे, नाही, दुसऱ्याची."

मी विचारलं, "दुसऱ्याची कशी?"

"तेच आम्ही पण विचारायचो. तर सर म्हणायचे, पहिल्यानं आठ दिवस जेवणाचा डबा उघडला नव्हता. दुसऱ्याला दिसत होतं ते. त्यानं विचारायला नको होतं का, का बे, काय झालं तुले? तो आपला फाइल तपासत बसला." तिनं खांद्यावरची पर्स सावरली. "मग आमच्यातलं कोणीतरी विचारायचंच, सर, नंतर तरी विचारलं का? सर हसायचे. म्हणायचे, विचारून राहिलो ना. दर महिन्याला विचारतो."

तिची बॅच आठ वर्षांपूर्वीची. म्हणजे त्याआधीच केव्हातरी तुला कळलं होतं. कदाचित वाटणीत माझा कॉम्प्युटर तुझ्याकडे गेला आणि थोरलीची जुनी फाइल मी त्यातून पुसायची विसरलो, म्हणून. कदाचित त्या आठव्या दिवशीच, तू वळून बघितलंस तेव्हा. आता कोणाला विचारू? मुलगी निघून गेली, मी खाली स्कूटरवर बसून राहिलो. दर महिन्याला. अकरा वर्षं. आणि मी बायकोला सांगत होतो, यांना फोन ठेवता येत नाही.

तुझ्यावर थोडा रागही आला, लपवत नाही. तू सरळ का नाही म्हणालास, पुणेकर, तू केलंस ते? एका वाक्यात मोकळा झालो असतो. सांगतलं की सुटलो म्हणणारा तू, याच एका बाबतीत पोचेची वाट बघत बसलास? पण नाही. तू सांगितलं असतंस तर ती चोरी पकडल्यासारखी झाली असती. तुला ती मी दिलेली हवी होती. तेवढी जागा तू माझ्यासाठी दर रविवारी रिकामी ठेवलीस, दोन-दोनदा, तीन-तीनदा, आणि मी तिच्यात "बाकी ठीक" भरत गेलो.

वहिनींना आज सकाळी फोन करून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, मले माहीत होतं. ते म्हणत होते, तो सांगन. पुण्याचा आहे, जरासा वेळ घेते."

तर ऐक. त्या दिवशी पोच मी लावली होती. तुला शब्द देऊन लावली होती. कांदा माझ्यामुळे हलला नाही. तू सगळ्यांसमोर माझी चूक अंगावर घेतलीस तेव्हा मला माहीत होतं ती कोणाची आहे, आणि नंतर आठ दिवस तुला शोधताना बघत मी गप्प बसलो. मला माफ कर, गजू. डब्यांबद्दलही राहिलंच होतं. अठराच्या अठरा पोचले. वडील शेवटपर्यंत त्यांची आठवण काढायचे.

आज रविवार आहे. फोन समोर ठेवून बसलोय. विचार ना बे एकदा, आणखी काय म्हणून. आज बाकी खरंच काही नाही.